रंगांची हद्द आणि तपासणीचा शेरा

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात राहून चित्रफितींचे संकलन करणाऱ्या माणसाचे काम मुंबईच्या संकलकाहून फारसे वेगळे असते असे नाही. संगणक तोच, सॉफ्टवेअर तेच, रात्रीची जागरणेही तीच. फरक पडतो तो काम नामंजूर होऊन परत आल्यावर. कारण ज्याला अंधेरीच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाऊन दुरुस्त प्रत देता येते त्याचे तासाभरात भागते, आणि ज्याला मुरबाडहून एसटीने कल्याण गाठावे लागते, किंवा आसनगावच्या फलाटावर हार्ड डिस्कची पिशवी मांडीवर घेऊन कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलची वाट पाहावी लागते, त्याचा अख्खा दिवस त्या एका शेऱ्यापायी खर्ची पडतो. फाइल इंटरनेटवरून पाठवता येते हे खरे. परंतु अर्ध्या तासाच्या चांगल्या प्रतीच्या फाइलचे आकारमान चाळीस गिगाबाइटच्या घरात जाते, आणि आषाढात आमच्याकडची वीज व रेंज या दोघींनी एकाच वेळी मेहेरबानी करावी अशी अपेक्षा अनुभवी माणूस करीत नाही.

काही वर्षांपूर्वी या दोन तालुक्यांच्या वर्षभराच्या जीवनक्रमावर केलेला एक माहितीपट मी एका वाहिनीकडे रीतसर रुजू केला. त्यात भाताची आवणी होती, पौष पौर्णिमेला भरणारा म्हशाच्या जत्रेतला बैलबाजार होता, लग्नघरची हळद होती, आणि फाल्गुनात माहुलीच्या पायथ्याशी फुललेला पळस होता. आठवड्याने तो परत आला, सोबत दोन पानांची यादी घेऊन. आणि त्या यादीत टाइमकोडापुढे पुन्हा पुन्हा एकच शेरा होता : ‘गॅमट एरर’. चित्र अस्पष्ट आहे किंवा आवाज फाटला आहे असे म्हटले असते तर समजूत पटली असती. पण जो पळस पाहून घरातली माणसे हरखली तोच पळस सदोष ठरावा, याचा मला मनस्वी राग आला. तो राग अज्ञानातून आला होता, हे कळायला पुढे बरेच दिवस गेले. ते दिवस इतर होतकरू संकलकांचे वाया जाऊ नयेत, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

आधी मूळ व्यवहार समजून घेतला पाहिजे. कॅमेरा आणि पडदा हे दोघेही लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांत हिशेब करतात. पण चित्र साठवताना वा प्रक्षेपित करताना त्या तिघांची वाटणी वेगळ्या रीतीने केली जाते. एका हिश्श्यात केवळ उजेड, ज्याला ल्यूमा म्हणतात, आणि उरलेल्या दोन हिश्श्यांत रंगांचे फरक, ज्यांना क्रोमा म्हणतात. माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारकावे जितके टिपता येतात तितके रंगातले टिपता येत नाहीत, म्हणून क्रोमाचा तपशील कमी ठेवून जागा वाचवता येते. ही सोय त्या वाटणीने साधते. मात्र सोयीबरोबर एक अडचणही येते. ल्यूमा-क्रोमाची पेटी मोठी आहे आणि लाल-हिरव्या-निळ्याची लहान पेटी तिच्या आत तिरकी बसवलेली आहे. त्यामुळे मोठ्या पेटीचे कोनेकोपरे रिकामे राहतात, इतके की त्या पेटीत मावणाऱ्या एकंदर आकड्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आकड्यांनाच पडद्यावर खरा रंग असतो. उरलेल्या आकड्यांची ल्यूमा आपल्या मर्यादेत असते, क्रोमाही आपल्या मर्यादेत असतो, तरी दोघांची बेरीज करून लाल, हिरवा, निळा काढू गेल्यास एखादा रंग शंभर टक्क्यांच्या वर किंवा शून्याच्या खाली निघतो. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र बिनचूक असावे आणि प्रत्यक्ष मोजणीत कुंपण शेजाऱ्याच्या गटात निघावे, तसाच हा ‘गॅमट एरर’चा प्रकार. कागद खोटा नसतो, पण हद्द ओलांडलेली असते.

या कडकपणाला इतिहासही आहे. आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी आली, ती पाल या पद्धतीची. त्या पद्धतीत रंग आणि उजेड एकाच संकेतात मिसळून पाठवले जात, आणि पूर्ण भडक पिवळ्या रंगाचा मिश्र संकेत पांढऱ्याच्या पातळीच्या १३३ टक्क्यांपर्यंत चढत असे. पांढऱ्याकडे जाताना प्रक्षेपकाच्या वाहक लहरीची शक्ती कमी होत जाणारी ती रचना होती, त्यामुळे अतिरेक झाला की लहर तुटे आणि तिचा उपद्रव आवाजाला होई. पडद्यावर पांढरी ठळक अक्षरे उमटताच सेटमधून घरघर ऐकू येई, हे ज्यांनी गावातल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून अनुभवले असेल त्यांना आठवेल. आज ते प्रक्षेपक बहुतेक बंद झाले आहेत; पण हद्द ओलांडलेला रंग पुढच्या प्रत्येक यंत्रात, कधी कॉम्प्रेशनमध्ये, कधी ग्राहकाच्या सेट-टॉप बॉक्समध्ये, वेगवेगळ्या तऱ्हेने कापला जातो, आणि पळसाच्या पाकळीचा सपाट तांबडा डाग होतो. वाहिनीच्या तपासणीमागचे कारण एवढेच.

आता हातात आलेल्या यादीकडे वळू. पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, वाचनाचे. दोष संपूर्ण फितीभर पसरलेला आहे की ठरावीक शॉटांपुरता आहे, हे प्रथम पाहावे, कारण त्या दोन रोगांची औषधे सर्वस्वी भिन्न आहेत. फितीभर काळा रंग उणे ७.३ टक्क्यांवर आणि पांढरा १०९.१ टक्क्यांवर दाखवला असेल, तर ग्रेडिंगला हात लावू नये. तो एक्सपोर्टच्या खिडकीतला घोळ आहे. प्रसारणाच्या ८ बिटांच्या शिरस्त्याप्रमाणे काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, १० बिटांत ६४ व ९४० वर. संगणकाचा शिरस्ता मात्र ० ते २५५ असा. संगणकी शिरस्त्याची फाइल प्रसारणाच्या शिरस्त्याची म्हणून वाचली गेली की नेमके वरचे दोन आकडे निघतात, आणि ते दिसताच रोगनिदान झाले असे समजावे. याच्या उलट प्रकारात चित्र दोनदा आक्रसते. मग तपासणीत दोष निघत नाही, पण सर्व फितीवर माळशेज घाटातल्या श्रावणी धुक्यासारखा करडेपणा पसरतो, आणि यंत्राला न दिसलेला तो दोष प्रेक्षकाला मात्र दिसतो.

यादीतला दोष निवडक शॉटांत असेल, तर वाहिनीचा तांत्रिक मसुदा मागवून तो पुन्हा एकदा वाचावा. पुष्कळ ठिकाणी युरोपीय प्रसारण संघाची आर १०३ ही शिफारस आधारभूत मानतात; तिच्याप्रमाणे लाल, हिरवा, निळा यांपैकी प्रत्येकाला उणे ५ ते १०५ टक्क्यांची मुभा असते, आणि चित्राच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्यापर्यंत उल्लंघन झाले तर ते दोष म्हणून धरले जात नाही. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो; १९२० गुणिले १०८० च्या चित्रात तो २०,७३६ पिक्सेल होतो, म्हणजे बाजूला बरोबर १४४ पिक्सेल असलेला चौरस. भातसा धरणाच्या पाण्यावर सकाळच्या उन्हाचे जे ठिपके चमकतात ते या सवलतीत सहज बसतात आणि त्यांना छेडण्याचे कारण नाही. पळसाच्या झाडाने निम्मी चौकट व्यापली असेल तर ती सवलत कामाची नाही. काही वाहिन्या मात्र आर १०३ हून कडक, सरळ शून्य ते शंभर टक्क्यांची अट घालतात, म्हणून दुसऱ्या कोणाच्या अनुभवावर विसंबू नये.

त्या पळसाचाच हिशेब करून पाहू. फुलांनी भरलेल्या फांदीवर एका पिक्सेलची ल्यूमा ४० टक्के आहे. लाल फरकाचा क्रोमा अधिक ०.४५ आणि निळ्या फरकाचा उणे ०.२० आहे. क्रोमाला अर्ध्यापर्यंत, म्हणजे ०.५० पर्यंत परवानगी असल्याने तिन्ही आकडे आपापल्या जागी निर्दोष आहेत. परंतु हाय डेफिनिशनच्या ७०९ या मानकानुसार लाल काढताना लाल फरकाला १.५७४८ ने गुणून ल्यूमात मिळवावे लागते, गुणाकार ०.७०९ येतो, आणि लाल एकदम ११०.९ टक्क्यांवर जातो. येथे ल्यूमाच्या वेव्हफॉर्मकडे पाहत बसलेला संकलक ‘चाळीस टक्के तर आहे’ म्हणून निश्चिंत राहतो, व्हेक्टरस्कोपकडे पाहणारा ‘रंग चौकटीत आहे’ म्हणून निश्चिंत राहतो, आणि दोघेही फसतात. कारण एका यंत्राला रंग दिसत नाही, दुसऱ्याला उजेड दिसत नाही, आणि दोष तर दोघांच्या संबंधात आहे. तो पकडायचा तर आरजीबी परेडच उघडली पाहिजे, जिच्यात लाल, हिरवा, निळा शेजारी शेजारी उभे राहतात. प्रीमियर वापरणाऱ्यांनी तेथील ‘क्लॅम्प सिग्नल’ ही खूण काढून टाकावी. ती राहिली तर परेड शंभराच्या वरचा भाग दाखवीतच नाही, आणि मी त्या एका खुणेपायी दोन रात्री निर्दोष चित्र पाहत असल्याच्या भ्रमात काढल्या आहेत.

इलाज काय? त्याच पिक्सेलचा रंगभार, म्हणजे सॅच्युरेशन, दहा टक्क्यांनी उतरवला की लाल फरक ०.४०५ होतो आणि लाल १०३.८ वर येतो, आर १०३ च्या हद्दीत. सोळा टक्क्यांनी उतरवला तर ९९.५, म्हणजे कडक वाहिनीलाही मंजूर. पण हा उतार संपूर्ण शॉटला देऊ नये. क्वालिफायरने किंवा ‘ह्यू व्हर्सेस सॅच्युरेशन’च्या वक्राने केवळ तांबड्या-नारिंगी पट्ट्याला हात घालावा, कडा मऊ ठेवाव्यात, आणि मागचा माहुलीचा निळसर कातळ व वाळलेले गवत जसेच्या तसे सोडावे. असे केलेला पळस शेजारी मूळ चित्र ठेवल्याशिवाय उतरलेला वाटत नाही. उलट पाकळ्यांच्या घड्या, ज्या आधी एकाच तांबड्यात बुडाल्या होत्या, त्या दिसू लागतात. माझा राग गेला तो येथे.

सगळेच दोष वरच्या अंगाचे नसतात. पावसाळ्यात आमच्या पाड्यांवर कुडाच्या घरांवर निळी ताडपत्री घालतात. ढगाळ संध्याकाळी तिचा एक पिक्सेल मोजला तर ल्यूमा १० टक्के, निळ्या फरकाचा क्रोमा अधिक ०.४० आणि लाल फरकाचा उणे ०.१० असा निघू शकतो. निळ्या रंगाचा ल्यूमातला वाटाच मुळी सव्वासात टक्क्यांहून कमी, त्यामुळे गडद निळ्या वस्तूंची ल्यूमा नेहमीच तळाशी असते. वरच्याच गुणकाने हिशेब केला की लाल उणे ५.७ टक्के येतो. या ठिकाणी नवशिका संकलक सवयीने उजेड कमी करतो आणि रोग वाढवतो. रंग तसाच ठेवून ल्यूमा खाली ओढली तर लाल आणखी ऋण होतो. ताडपत्रीला थोडा उजेड द्यावा लागतो. ल्यूमा १३ टक्के केली की लाल उणे २.७ वर येतो आणि प्रकरण मिटते. हळदीची गोष्ट तिसरी. नवऱ्या मुलाच्या अंगावरच्या ओल्या हळदीची ल्यूमा ७० टक्के असते, चित्र लख्ख असते, आणि तरीही निळ्या फरकाचा क्रोमा उणे ०.४२ असल्याने निळा रंग उणे ७.९ टक्क्यांवर पडतो. रंगभार दहा टक्क्यांनी उतरवताच तो शून्यापाशी येतो. दोष वरचा की खालचा, आणि तीन रंगांपैकी कोणाचा, एवढी खातरजमा केल्यावाचून चाकाला हात लावू नये.

हळदीच्या रात्री जे डीजेचे एलईडी दिवे लावतात त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण माझ्या पाहण्यात यादीतल्या निम्म्या ओळी त्यांच्याच असतात. हा जांभळा-निळा प्रकाश इतका एकरंगी असतो की नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दुसरा रंग उरतच नाही. कॅमेऱ्यात जे आलेच नाही ते संकलनात कोठून आणणार? तेथे रंगभार तीस-चाळीस टक्क्यांनीही उतरवावा लागतो आणि तरी चेहरे मेणाचे दिसतात. खरी तजवीज चित्रीकरणाच्या वेळीच करावी : कॅमेऱ्याचे ‘व्हिव्हिड’ प्रोफाइल बंद ठेवावे, एक साधा पांढरा दिवा चेहऱ्यांच्या बाजूला लावण्याची यजमानाला गळ घालावी, आणि ते ऐकत नसतील तर निदान एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली ठेवावे. मोबाइलवर एचडीआरमध्ये काढलेले शॉट टाइमलाइनवर तसेच ओतू नयेत. ते २०२० या रुंद रंगक्षेत्रातले असतात, आणि त्यांचे ७०९ मध्ये रीतसर रूपांतर केल्याशिवाय ग्रेडिंगला बसणे व्यर्थ होय.

शीर्षके आणि शार्पनिंग हे दोन गुन्हेगार सभ्य वेशात वावरतात. संगणकावर निवडलेला शुद्ध पांढरा किंवा शुद्ध पिवळा स्वतः हद्दीतच असतो, पण अक्षराच्या धारदार कडेशी आकार बदलताना वा कॉम्प्रेशन होताना जो उसळा येतो तो हद्दीबाहेर जातो. म्हणून अक्षरांचा पांढरा २५५ ऐवजी २३५ च्या आसपास आणि रंगीत पट्ट्यांचा भार पाऊण ठेवावा. पडद्यावर कोणाला फरक कळत नाही. शार्पनिंगचेही तेच : भाताच्या रोपांच्या पातींवर ते जितके खुलते तितकाच प्रत्येक पातीच्या कडेला पांढरा दोरा निघतो, आणि असे हजार दोरे मिळून तो एक टक्का कधी ओलांडतात हे कळतही नाही.

एवढे झाल्यावर लिमिटर. प्रीमियरमध्ये त्याला ‘व्हिडिओ लिमिटर’ म्हणतात, अ‍ॅव्हिडमध्ये ‘सेफ कलर लिमिटर’, फायनल कटमध्ये आणि रिझॉल्व्हमध्ये ‘ब्रॉडकास्ट सेफ’. पुष्कळजण आरंभीच तो लावून मोकळे होतात. मी त्याला देवडीवरचा पहारेकरी समजतो, घरातला कारभारी नव्हे. ग्रेडिंगने न हाताळलेला पळस त्याच्या हाती दिला तर तो पाकळ्यांचे शेंडे सरसकट छाटतो, आणि ज्या सपाट डागाच्या भीतीने हा सारा उपद्व्याप केला तोच डाग तो आपल्या हाताने घडवतो. त्याची जागा शीर्षकांच्याही वर, सर्वांत शेवटच्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर. खाली राहिला तर शीर्षके त्याला चुकवून निघून जातात. मर्यादा वाहिनीची १०५ असली तरी त्याला १०० ते १०३ चीच द्यावी, कारण त्याच्यानंतर होणारे कॉम्प्रेशन पुन्हा एक-दोन टक्क्यांचा उसळा देते.

एक्सपोर्ट करताना वाहिनीने मागितलेलाच साचा वापरावा. मुभा असेल तर १० बिटांचा ४:२:२, प्रोरेस वा डीएनएक्सएचआर निवडावा. रंगक्षेत्र ७०९, पट्टा प्रसारणाचा. विवाहाच्या जुन्या कॅसेटींवरून घेतलेले दृश्य फितीत असेल तर ते ६०१ या जुन्या मानकाचे आहे हे सॉफ्टवेअरला सांगावे, नाहीतर हिरवे-तांबडे रंग किंचित सरकतात. तयार फाइल मीडियाइन्फोत उघडून या नोंदी प्रत्यक्ष उतरल्या आहेत का ते वाचावे.

मग ती फाइल नव्या टाइमलाइनवर परत आणावी आणि यादीतल्या प्रत्येक टाइमकोडावर थांबून परेड पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे. मी ते चहा घेऊन करतो. ज्यांच्याजवळ महागडी तपासणी-सॉफ्टवेअरे नाहीत त्यांना क्यूसीटूल्स हे विनामूल्य साधन उपयोगी पडते, मात्र एक सावधगिरी : त्यातला ब्रॉडकास्ट रेंजचा आलेख ल्यूमा आणि क्रोमा यांच्या स्वतंत्र मर्यादा तपासतो, त्यांच्या बेरजेतून निघणारा लाल-हिरवा-निळा तपासत नाही. आपला ११०.९ टक्क्यांचा पळस त्या आलेखातून बिनबोभाट सुटतो. त्या आलेखाने निर्दोष ठरवले म्हणून डिस्क पिशवीत घालू नये.

आणि शक्य असल्यास अख्खी फीत पाठवण्यापूर्वी सर्वांत वाईट तीन मिनिटे, पळस, ताडपत्री, हळद आणि शीर्षके यांची, वेगळी काढून वाहिनीच्या तांत्रिक विभागाला दाखवावीत. तेथील माणसे बहुधा सौजन्याने उत्तर देतात. आणि तीन मिनिटांची फाइल आषाढातल्या रात्रीसुद्धा, दोनदा रेंज गेली तरी, पहाटेपर्यंत पोहोचते.